निवेदनातलं सातवं कलम

आमच्या घरात दिवसाची पहिली भाकरी माणसांची नसायची. माय चुलीपुढं बसली की आधी जाड्याभरड्या पिठाच्या मोठाल्या भाकरी थापायची, त्या निवायला दुरडीत टाकायची आणि मगच माणसांच्या पातळ भाकरींकडं वळायची. निवलेल्या भाकरी घमेल्यात कुस्करून, वरून ताक आणि कण्यांची पेज ओतून ती हातानं कालवायला लागली की लिंबाखाली बसलेली आमची कुत्री एकेक करून उभी राहायची. भुंकायची नाहीत. करवानी कुत्रं उगाच तोंड वाजवत नाही. ती ओसरीपर्यंत यायची आणि शहाबादी फरशीवर त्यांच्या नखांचा टकटक आवाज सुरू व्हायचा. माझी झोप वर्षानुवर्षं त्याच आवाजानं उघडली. अजूनही सरकारी क्वार्टरमध्ये शेजारची मुलगी टाचांचे सँडल घालून जिना उतरते, तेव्हा मी क्षणभर डोळे मिटूनच पडून राहते.

शिरूर अनंतपाळहून देवणीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं रान, आणि रानातच घर. वर पत्रा, पुढं ओसरी, बाजूला एक देवणी गाय आणि तिचं वासरू. माणसं तीनच : दादा, माय आणि मी. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या वडलांनी कुत्री पाळली, त्यांच्याही वडलांनी पाळली. ही उंच, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली जात. शहरातून आलेले पाव्हणे हमखास विचारायचे, ह्यांना खायला घालत नाही का? दादा हसायचे आणि एखाद्या कुत्र्याला बांधावरून सोडून दाखवायचे. ते धावायला लागलं की विचारणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं. सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरायला लागल्यापासून शेतकरी पिल्लं न्यायला यायचे, आणि इकडून तिकडून ऐकून पुण्या-हैदराबादचे शौकीनही यायचे. दादा सगळ्यांना द्यायचे नाहीत. आधी माणसाला चहा पाजायचे, रान किती, घरी दिवसभर कोण असतं ते विचारायचे आणि मन बसलं नाही तर सांगायचे, "औंदा पिल्लं न्हाईत." पिल्लं त्या वेळी त्या माणसाच्या बुटाची नाडी चावत असायची.

सावरी त्या सगळ्यांत निराळी. तिचा रंग सावरीच्या कापसासारखा, कानांची टोकं तेवढी करडी. दादांच्या मते तिच्यासारखी मादी त्यांनी आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती. छाती खोल, पाय सरळ, आणि स्वभावानं इतकी शांत की वासरू तिच्या अंगावर तोंड घासायचं. पण ती खरी मायची. माय चुलीपुढं बसली की सावरी तिच्या पावलावर हनुवटी टेकवून पडायची, आणि माय भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायची नाही इतकं. येसराची आमटी उकळत असायची, तिचा वास सगळ्या घरात, आणि माय सांगत असायची, "बग सावरे, लेक उदगीरला गेलीय शिकायला, तिला हितली आमटी पानचट लागाय लागलीय."

ते खोटं होतं, मला आमटी कधीच पानचट लागली नाही. पण उदगीरला गेले होते हे खरं. जनावरांच्या दवाखान्यात काम करण्याचा डिप्लोमा करत होते. शनिवारी एस.टी.नं घरी यायचे आणि आठवडाभर शिकलेलं दादांवर ओतायचे. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, लस थंड ठेवायची असते, मादीला सलग दोन माजांत लावायचं नसतं. दादा ऐकून घ्यायचे. आमच्या शिवारात पोरीचं इतकं ऐकणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. शेवटचं तेवढं ऐकून म्हणायचे, "त्ये पुस्तकातल्या कुत्र्याचं आसंल." मीही त्यावर फार ताणायचे नाही.

मग नियम आले. आधी मोबाईलवर आले, कुणी कुणाला पाठवत, आणि मग एक दिवस पंचायत समितीकडून डॉक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या असतील. स्कूटी लिंबाखाली लावली, ओढणीनं तोंड पुसलं, मायनं दिलेली चुरमुऱ्यांची सुशीला संपूर्ण खाल्ली आणि मग पिशवीतून फॉर्म, फाईल आणि मोजपट्टी काढली. पिल्लं विकणाऱ्या प्रत्येकाला आता नोंदणी लागणार होती. प्रत्येक कुत्र्याला ठरावीक जागा, खाली सिमेंटचा तळ, कातडीखाली चिप, डॉक्टरचा दाखला, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, आणि मादीला विश्रांती : वर्षातून एकच वेत.

"रजिस्टर कुठंय काका?" त्यांनी विचारलं.

दादांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "हितं हाय." आणि त्यांनी सावरीच्या आईचं, आज्जीचं, पणजीचं नाव, त्यांना लावलेल्या नरांची नावं, ते नर कुठल्या गावचे, कुणाच्या घरचे, असं सगळं म्हणून दाखवलं. मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "मला पटलं हो काका. पण वर कागदालाच कागद दाखवावा लागतो."

"आन् सिमेंट? करवान्याला सिमेंटवर निजवलं की कोपरं सोलत्यात. अंगावर मांस कुठाय त्येच्या? मातीत निजतंय त्ये, मातीतच बरं असतंय."

"हेही मी लिहून पाठवीन," त्या म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला आठवतं, कारण मी वाकून पाहिलं होतं. मग त्यांची नजर सावरीकडं गेली. त्या खाली बसल्या, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. "ही किती वेळा व्यालीय?"

"चार येळा."

"शेवटचं?"

"दिवाळीच्या टायमाला. त्येच्या आधी, उनाळ्यात."

मॅडमनी सावरीचा ओठ हळूच खाली सोडला. "काका, हिला थोडं थांबवा. अंगात रक्त नाहीय तिच्या. हा नियम तेवढा तरी मनावर घ्या." जाताना फॉर्म आणि एका चिठ्ठीवर स्वतःचा नंबर ठेवून गेल्या. मायनं ती चिठ्ठी फडताळात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली.

त्यानंतरच्या महिन्यात आमच्या ओसरीवर जितकी माणसं बसली तितकी माझ्या लग्नातही बसली नाहीत. आसपासच्या गावांतले कुत्री पाळणारे सगळे जमले. कुणाकडं दोन कुत्री, कुणाकडं चार. नांदेडकडून रशीदचाचा आले. ते मुदखेडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, दादांचे जुने दोस्त. त्यांच्या घरचा नर आणि आमच्या घरची मादी असं नातं दोन पिढ्या चाललेलं. चाचा आले की मायला "भाभी, अंबाडीची भाजी है ना?" असं दारातूनच विचारायचे. त्या दिवशी मात्र ते तापलेले होते. "गोविंदभाई, ये कानून हमारे वास्ते नै है. जिसके पास शंभर पिंजरे हैं, उसके वास्ते है. वो सिमेंट करेगा, कागद करेगा, और हम घरमें बैठेंगे."

हे खरं होतं. आजही मी तसंच म्हणेन. नियम ज्यांच्यासाठी केले होते ते लोक पिंजऱ्यांत कुत्री कोंबून ठेवणारे, आणि त्यांना कागद करणं सोपं होतं. आमची कुत्री खाटेखाली झोपायची आणि त्यांचा कागद होत नव्हता. लातूरला मोठ्या कार्यालयावर जाऊन निवेदन द्यायचं ठरलं आणि ते लिहायचं माझ्याकडं आलं. शिकलेली मी एकटीच होते. ओसरीवर मांडी घालून, गुडघ्यावर फाईल ठेवून मी लिहीत होते आणि चारी बाजूंनी माणसं सांगत होती. सिमेंटच्या तळाबद्दल लिहिलं. चिप आणि दाखल्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात सोय नाही, ते लिहिलं. दोन-चार कुत्री पाळणाऱ्याला वेगळी सोपी नोंदणी द्या, असं लिहिलं. सहा कलमं झाली. सगळी खरी, सगळी न्याय्य. मग कुणीतरी म्हणालं, आन् मादीचं? मादी कवा लावायची त्येबी सरकारच सांगणार का?

माझा हात थांबला. तेवढ्यात दादाच म्हणाले, "त्ये लिवायचं का, वैशे? त्या बाईचं तेवढं खोटं न्हाई वाटत मला."

सगळे माझ्याकडं पाहत होते. वीस वर्षांची पोर, आणि पागोटी बांधलेली माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "सगळंच लिहायचं दादा. एक मान्य केलं की बाकीचंही मान्य करायला लावतील." चाचांनी मांडीवर थाप मारली, "शाब्बास बेटा!" आणि मी सातवं कलम लिहिलं. मादीला कधी व कितीदा लावावे हा पिढीजात अनुभवाचा विषय असून त्यात शासनाने हस्तक्षेप करू नये. आमच्या माद्यांना आजवर कधीही इजा झालेली नाही. शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं. त्याच आठवड्यात वर्गात याच विषयावरचा धडा झाला होता आणि त्यातल्या वाक्यांखाली मी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या.

लातूरला आम्ही जीप करून गेलो. सावरीलाही नेलं होतं, कारण तिच्याकडं पाहिलं की कुणीही मऊ व्हायचं. कार्यालयाच्या पायऱ्यांपुढं शे-दीडशे माणसं, गळ्यात पट्टे घातलेली उंच उंच कुत्री, बघ्यांची गर्दी. साहेब बाहेर आले आणि कुणी बोलेना, तेव्हा चाचांनी मला पुढं ढकललं. सावरीची दोरी माझ्या हातात होती. मी कलमं वाचली आणि सातव्यापाशी आल्यावर कागद खाली केला. पुढचं पाठ नव्हतं, ते आपोआप आलं. मी म्हणाले, "या आमच्या माद्या नाहीत साहेब, आमच्या लेकी आहेत. लेकीचं बाळंतपण कधी करायचं ते तिची माय ठरवंल, का सरकार ठरवंल?"

टाळ्या थांबता थांबेनात. चाचांनी डोळे पुसले. त्या गर्दीत, पायऱ्यांच्या कडेला आमच्या डॉक्टर मॅडम फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. सावरीकडं पाहत होत्या.

ते भाषण कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते नांदेड, लातूर, पार बिदरपर्यंत फिरलं. वर्गातल्या मुली मला दाखवायच्या, बसचा कंडक्टर "तुमीच ना त्या कुत्र्यावाल्या मॅडम?" म्हणून पुढची सीट द्यायचा. वरून तोंडी सांगावा आला की तूर्त कुणी नोंदणीसाठी तगादा लावणार नाही. आम्ही जिंकलो होतो. अजूनही वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी तो व्हिडिओ मला पाठवतं, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. मी उघडत नाही. एकदाच उघडला होता, आवाज बंद करून. सावरी माझ्या पायाशी बसलेली दिसते आणि तिच्या बरगड्या मोजता येतात.

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळे रानात जेवतात. आमचं घर रानातच, त्यामुळं पाव्हण्यांची रीघ. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी केलेली, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. त्या वर्षी भाषणामुळं दुप्पट माणसं आली आणि जो तो सावरीला बघायला मागत होता. व्हिडिओतली कुत्री ती हीच का? हिची पिल्लं कवा? चाचा मुदखेडहून आपला नर जीपमध्ये घालून घेऊन आले होते. आठवड्यापूर्वीच सावरी माजावर आली होती. जेवणं झाली, माणसं सावलीला कलंडली, आणि दादा आंबिलीचा पेला हातात धरून माझ्यापाशी येऊन बसले.

"वैशे, येक सांग. सावरीला औंदा लावू का राहू दिऊ? चाचा नर घिऊन आलाय खरं. पर मला ती जरा उतरल्यावानी वाटाय लागलीय. तू शिकाय लागलीस, तू सांगशील तसं."

माय भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "राहू द्या की व. लई बारीक झालीय ती."

मी उठले, सावरीपाशी गेले, तिचा ओठ उचलला. हिरडी पांढुरकी होती. मॅडमनी पाहिली त्याहून पांढुरकी. मला ते दिसलं. हे मी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मला दिसलं, आणि त्याच वेळी मागं चाचा कुणालातरी माझं भाषण सांगत होते, "क्या बोली बच्ची, लेकीचं बाळंतपण!" मी "नको" म्हणाले असते तर त्या पायऱ्यांवर मी बोलले ते खोटं ठरलं असतं, माझ्यापुरतं तरी. मी ओठ सोडून दिला आणि म्हणाले, "लावा दादा. काही होत नाही."

"आगं पर..." माय म्हणाली.

"तू त्या मॅडमसारखी बोलू नको," मी म्हणाले. माय पुन्हा भांड्यांकडं वळली.

पुढचे दोन महिने मी जमेल तसं केलं. गोळ्या आणल्या, अंडी घालायला लावली, मायनं दुधाचा वाटा वाढवला. सावरीचं पोट वाढत गेलं आणि बाकीची सावरी कमी होत गेली. शेवटी शेवटी ती चुलीपाशी आली तरी हनुवटी टेकवण्याआधी थांबून श्वास घ्यायची.

ती व्याली त्या दिवशी मी घरी होते. सकाळी कोवळ्या उन्हात, गोठ्याच्या कडेला दादांनी केलेल्या भुशाच्या अंथरुणावर पहिलं पिल्लू आलं, थोड्या वेळानं दुसरं. मायनं फडक्यानं पुसून बाजूला ठेवली. मग सगळं थांबलं. सावरी कळ द्यायची, पण ती कळ पोटापर्यंत पोचायचीच नाही; नुसती पाठ थरथरायची. आत अजून पिल्लं होती, हाताला लागत होती. मी शिकलेलं सगळं केलं. कोमट पाणी, चोळणं, कॅल्शियम पाजणं. ओळखीच्या कंपाउंडरला बोलावलं, त्यानं एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, वाट बघा.

माय एकदाच म्हणाली होती, अगदी सुरुवातीला. "त्या बाईचा लंबर हाय फडताळात."

"बघू," मी म्हणाले. आणि मी बघत राहिले. ऊन लिंबाच्या बुंध्यावरून ओसरीच्या पायरीवर आलं. मला मॅडमना काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. मीच त्या पायऱ्यांवर उभी राहून बोलणारी, आता कोणत्या तोंडानं सांगू की या? सावरीनं मायच्या पावलाकडं मान लांबवली, पण तिची हनुवटी मध्येच भुशात पडली. तेव्हा माय उठली, करंड्याखालची चिठ्ठी आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "लाव." मायनं मला इतक्या कडक आवाजात आयुष्यात तेवढं एकच सांगितलं.

मॅडम अर्ध्या तासात आल्या. डोक्याला ओढणी, पाठीला बॅग. त्यांनी मला काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. हात धुतले, तपासलं, सलाईन लावलं. "पिशवी थकलीय तिची. ऑपरेशन लागेल, उदगीरला न्या, मी फोन करून ठेवते." मग सिरिंज खोक्यात ठेवताना, माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "सकाळी फोन करायचा होता गं." त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जीपमध्ये दादा मागं बसले, सावरीचं डोकं मांडीवर. मी सलाईनची बाटली वर धरून. देवणी मागं पडली, आणि थोडं पुढं गेल्यावर दादा ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव." मला वाटलं, त्यांना पाणी पाजायचंय तिला. ते म्हणाले, "आता घाई न्हाई." गाडी रस्त्याकडेला उभी राहिली. मी बाटली तशीच वर धरून होते. बराच वेळ. दादांनीच माझा हात धरून खाली आणला.

दोन पिल्लं मायनं बोळ्यानं गाईचं दूध पाजून वाढवायला घेतली. त्यातलं एक जगलं.

मला वाटलं होतं दादा बोलतील. रागावतील, निदान विचारतील. ते रानात जाऊन यायचे आणि जेवून पडून राहायचे. मग पुन्हा वरून हालचाल सुरू झाली, नोंदणीचं पक्कं होणार असं कळलं, आणि मुदखेडला चाचांच्या अंगणात बैठक ठरली. पुन्हा निवेदन, पुन्हा मीच लिहिणार. फाईल माझ्या मांडीवर होती. चाचांनी जुनं निवेदन वाचून दाखवलं आणि म्हणाले, यही देंगे, और जोर से देंगे. तेव्हा दादा उभे राहिले. बैठकीत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. ते टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले.

"सातवं कलम काढा," ते म्हणाले. "बाकीची सहा खरी हायत, त्येच्यासाठी मी मरंपर्यंत भांडतो. सातवं खोटं हाय. सावरी माझ्या हातानं गेली. मला दिसत हुतं ती उतरलीय. चार माणसं नाव काढाय लागली आन् मला हाव सुटली. म्या लावली तिला. सहा कलमं मागायची आसली तर हे येक आपून होऊन मान्य करा. नायतर सहाबी जात्याल."

एकदम सगळे बोलायला लागले. जनावर है भाई, मरतंच. एक मान्य केलं की बाकीचं मान्य करायला लावत्याल, तुमच्याच पोरीनं सांगितलं हुतं ना? आणि ते सगळे माझ्याकडं वळले. चाचा म्हणाले, "तू बोल बेटा. तू बोलेगी वैसा."

आजवर मी मनातल्या मनात तिथं हजार वेळा उठून उभी राहिले आहे. उठून म्हटलंय की दादांना हाव सुटली नव्हती, त्यांनी मला विचारलं होतं, नको म्हणणारी माय होती आणि लावा म्हणणारी मी. दादांचं बरोबर आहे, सातवं काढा. त्यांनी ऐकलं असतं. त्या अंगणात माझ्या शब्दाला तेवढं वजन होतं, तेच तर सगळ्याचं मूळ होतं. दादा माझ्याकडं पाहत नव्हते. टोपीची कड बोटांत फिरवत ते जमिनीकडं पाहत होते, म्हणजे मला त्यांच्या डोळ्यांत पाहावं लागू नये. मी फाईलची दोरी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "सगळ्यांचं ठरंल ते लिहिते," मी म्हणाले.

सातही कलमांचं निवेदन गेलं. या वेळी साहेब तयारीत होते. म्हणे त्यांनी सातवंच कलम वर धरलं आणि विचारलं, मादी वर्षातून दोनदा लावू द्या म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या सहा मागण्यांवर मी विश्वास कसा ठेवू? दोन-चार कुत्र्यांची सोपी नोंदणी, मातीचा तळ, तालुक्याला चिपची सोय, यातलं काही झालं नाही. मॅडमची बदली झाली होती. आमच्या बाजूचं लिहून घेणारं माणूसही राहिलं नाही. ज्यांच्याकडं सिमेंट होतं त्यांनी कागद केले. आमच्या भागातल्या घरांमधून कुत्री एकेक करून कमी झाली, काहींनी चोरून पिल्लं विकली, ती आणखी वाईट. चाचांनी नर कुणाला तरी देऊन टाकला. दादांनी पुन्हा कधी मादी लावली नाही. सावरीची जगलेली लेक म्हातारी होईपर्यंत आमच्या ओसरीवर राहिली, आणि नंतर काही वर्षांनी दादाही गेले. ते असताना मी त्या दिवसाचा विषय काढला नाही. त्यांनीही नाही.

मात्र मुदखेडहून परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, ते मला म्हणाले होते, "मी माझा येगळा अर्ज देतो. सहा मागण्या आन् येक कबुली. लिवून देतीस?" मी म्हणाले, माझी परीक्षा आहे. परीक्षेला तीन आठवडे होते. ते "बरं" म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझी वही घेतली, पेन घेतलं आणि लिंबाखाली खाटेवर बसून लिहायला लागले. मी आत पुस्तक उघडून बसले होते. एक पान उलटायला त्यांना फार वेळ लागत होता. मग बाहेरून त्यांचा आवाज आला, अगदी साधा, रोजच्यासारखा.

"वैशे, विश्रांतीतला श कंचा? शहामृगाचा का पोटफोड्या?"

"शहामृगाचा," मी आतूनच सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पेनचा कागदावर खरखर आवाज पुन्हा सुरू झाला. मी उठले नाही.